डोंगरातल्या वाड्यावर आरोग्य केंद्र बांधायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या पट्ट्यातनं जे प्रश्न परत परत येतात ते इथं एकत्र केलेत. विचारणारे कधी धनगरवाड्यावरचे, म्हणजे डोंगरातल्या धनगर वस्तीवरचे तरुण असतात, कधी ग्रामपंचायत सदस्य, कधी कोल्हापुरातनं मदत करू इच्छिणारी मंडळी. एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे पुढची उत्तरं समजायला सोपी जातील, आम्ही प्रत्येक गोष्ट जुलै महिना डोक्यात ठेवून सांगतो. जानेवारीत उद्घाटनाला छान दिसणारी आणि जुलैत कुलूप लागलेली इमारत या डोंगरात कुणाच्याच कामाची नाही.

उपकेंद्र, पीएचसी, आरोग्य मंदिर, नेमका फरक काय? आम्ही मागायचं काय?

सगळ्यात खालची पायरी उपकेंद्र. तिथं आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक असतात, आणि आता बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ पण असतात. त्याच्या वर प्राथमिक आरोग्य केंद्र, म्हणजे पीएचसी, जिथं एमबीबीएस डॉक्टर असतात. त्याच्या वर ग्रामीण रुग्णालय आणि शेवटी आपलं सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं मोठं सरकारी रुग्णालय. 'आयुष्मान आरोग्य मंदिर' ही वेगळी पायरी नाही, आधी ज्याला हेल्थ अँड वेलनेस सेंटर म्हणायचे त्याचंच २०२३ पासूनचं नाव आहे, उपकेंद्रालाही लागतं आणि पीएचसीलाही. वाड्या-वस्त्यांसाठी मागायचं ते उपकेंद्रच. पीएचसीचा ठराव करून पाठवाल तर फाईल लोकसंख्येवरच अडकते.

लोकसंख्येचा निकष काय आहे? आमच्या वाड्यावर दीडशे-दोनशे माणसं आहेत.

सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगरी-आदिवासी-दुर्गम भागात ३,००० ला एक. पीएचसीसाठी ३०,००० आणि २०,०००. म्हणजे एका वाड्याला स्वतंत्र उपकेंद्र निकषात बसत नाही हे खरंय, पण आजूबाजूचे सगळे वाडे, पायथ्याचं गाव, पावसाळ्यात तुटणाऱ्या वस्त्या असं मिळून मांडलं तर चित्र बदलतं. काही निवडक डोंगरी राज्यांतल्या जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारनं 'अर्ध्या तासाच्या चालीत उपकेंद्र' असा वेळेवर आधारलेला निकष मान्य केलाय. तो कोल्हापूरला आपोआप लागत नाही, पण ठरावात मुद्दा म्हणून जरूर घाला, सोबत वाड्यापासून सध्याच्या उपकेंद्रापर्यंत चालायला किती वेळ लागतो ते लिहा, उन्हाळ्यातला वेगळा आणि पावसाळ्यातला वेगळा.

आणि उपकेंद्र मिळेपर्यंत गप्प बसायचं काही कारण नाही. आशा साधारण हजार लोकसंख्येला एक असते, पण डोंगरी-आदिवासी भागात वस्तीगणिक एक आशा द्यायची सवलत आहे. ती मागणी जास्त लवकर मार्गी लागते आणि पुढं केंद्र झालं तर त्याचा कणा तीच बाई असते.

आम्ही गवळी धनगर, एसटीत (अनुसूचित जमातीत) नाही. मग डोंगरी-आदिवासीचा निकष आम्हाला लागतो का?

लागतो. हा निकष जातीच्या दाखल्यावर नाही, भूभागावर आहे. कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित जमातीची लोकसंख्या एक टक्क्याच्याही खाली आहे आणि धनगर समाज राज्यात भटक्या जमाती (क) मध्ये येतो, त्यामुळं आदिवासी उपयोजनेतला पैसा इथं सहसा येत नाही. पण डोंगरी विकास कार्यक्रम, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी हे रस्ते मोकळे आहेत. निधी कुठल्या खात्याचा यावरनं वाद घालत बसण्यापेक्षा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना भेटून मागणी आरोग्य विभागाच्या बृहत आराखड्यात घालून घ्या.

इमारत आम्ही बांधून दिली तर नर्स आपोआप मिळेल ना?

नाही! सगळ्यात जास्त गैरसमज इथंच आहे म्हणून ठळक सांगतो. इमारत आणि पदं या दोन वेगळ्या फाईली आहेत. उपकेंद्र आधी मंजूर व्हावं लागतं, मग पदमान्यता, मग भरती. दात्याच्या पैशातनं देखणी इमारत उभी राहिली, फीत कापली, आणि पदच मंजूर नाही म्हणून आत सिमेंटची पोती ठेवलीत असं होऊ शकतं. म्हणून क्रम असा ठेवा, आधी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडनं लेखी घ्या की इथं कोण बसणार आणि आठवड्यातनं किती दिवस, मग पाया काढा. मंजूर उपकेंद्र भाड्याच्या खोलीत चालत असेल तर मात्र इमारतीसाठी जोर लावा, तिथं माणसं आधीच आहेत.

जागा कशी निवडायची? वाड्यावर सपाट जागा एकच आहे, ती पण डोंगर कापून काढलेली.

ती सोडा. ३० जुलै २०१४ ला माळीणवर आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, दोन्ही वेळा जुलै, दोन्ही वेळा सलग पाऊस, दोन्ही वेळा उताराखालची वस्ती. २०२१ च्या जुलैत आपल्याकडं पण डोंगर खचले होते. उतार कापून केलेल्या सपाटीला मागं उभी कड असते आणि पुढं भराव असतो, कड अंगावर येते आणि भराव खाली जातो.

जागा बघायला भर पावसात जा, उन्हाळ्यात सगळीच जागा चांगली दिसते. काय बघायचं, तर झाडांची खोडं बुंध्यापाशी वाकून वर गेलीत का (जमीन हळूहळू सरकत असते तेव्हा असं होतं), जमिनीला अर्धगोल भेगा आहेत का, कुठं नवीन झरा फुटलाय का, जुन्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ यायला लागलंय का, विजेचे खांब कललेत का. यातलं काहीही दिसलं तर भूवैज्ञानिकाला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका. ओढ्याची जुनी वाट पण टाळा, ओढा वीस वर्षांनी का होईना परत येतो.

आणि वाड्यावरच्या बायकांना विचारा. पुरुष मंडळी शक्यतो रस्त्याकडची जागा सांगतात कारण तिथं गाडी येते. बायका सांगतात की देवळाच्या अंगणातनं, चार लोकांच्या समोरनं तपासायला जायला नको वाटतं. दोघांचं बरोबर असतं, मधली जागा शोधायची.

जमीन फॉरेस्टची आहे. मग विषयच संपला का?

संपला नाही. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी वनजमीन वळती करायची तरतूद आहे आणि त्या यादीत दवाखाना किंवा रुग्णालय स्पष्ट लिहिलंय. अटी अशा: जागा एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. प्रस्ताव डीएफओंकडे, म्हणजे वन विभागाच्या विभागीय अधिकाऱ्यांकडे जातो. यासाठी वैयक्तिक वनहक्क दावा मंजूर झालेला असायची गरज नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. ग्रामसभेचा कोरम नीट भरा आणि बायकांच्या सह्या खऱ्या असू द्या, कारण कोरमच्या मुद्द्यावर प्रस्ताव परत येणं ही सगळ्यात फालतू अडचण आहे.

आमचा ट्रस्ट आहे, सीएसआरचा (कंपन्यांच्या सामाजिक निधीचा) पैसा आहे. हेच कलम वापरून आम्ही बांधू शकतो का? आणि जागा अभयारण्याच्या हद्दीत असेल तर?

पहिल्याचं उत्तर नाही. कायद्यातले शब्द 'सरकारकडून चालवल्या जाणाऱ्या सोयी' असे आहेत. पैसा ट्रस्टचा असला तरी आरोग्य केंद्र चालवायचं ते सरकारनं, म्हणजे इथं जिल्हा परिषदेनं, अशी रचना करा, त्याचा करार आधी करा.

दुसरं, ही सूट फक्त वन संवर्धन कायद्यातनं आहे. वन्यजीव कायद्यातनं नाही. त्यामुळं राधानगरी अभयारण्य किंवा चांदोलीकडचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, तिथं वन्यजीव विभागाची परवानगी हा स्वतंत्र आणि लांबचा विषय आहे. शक्य असेल तर हद्दीबाहेरची जागा शोधा.

जमीन गावातल्या एकानं दिलीय, तोंडी. चालेल का?

आज चालेल, त्यांच्या नातवाला नाही चालणार. नोंदणीकृत बक्षीसपत्र करून सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं किंवा जिल्हा परिषदेचं नाव लावून घ्या. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर होत नाही, आणि 'इतर हक्क' रकान्यात कुळ, बोजा काय आहे ते तलाठ्याकडं बसून वाचा. जाण्या-येण्याची वाट कुणाच्या शेतातनं जाते ते पण कागदावर आणा, दवाखाना स्वतःच्या जागेत आणि वाट भांडणात असं होऊ देऊ नका.

किती खोल्या लागतात? आर्किटेक्टनं सात खोल्यांचा प्लॅन दिलाय.

सातची गरज नाही. तपासणीची खोली, औषधं आणि साहित्याची खोली, आडोसा असलेली बायकांच्या तपासणीची जागा, आतनं-बाहेरनं दोन संडास, सेविकेचं राहायचं घर, आणि मोठी पडवी. पैसे वाचवायचे तर पडवीत वाचवू नका. पावसाळ्यात माणसं, छत्र्या, घोंगडी, कुत्री सगळं तिथंच असतं, आणि खोकणारा माणूस बंद खोलीत बसण्यापेक्षा उघड्या पडवीत बसलेला सगळ्यांच्या भल्याचा. टीबीच्या दृष्टीनं हे फार महत्त्वाचं. तपासणीच्या खोलीत समोरासमोर खिडक्या ठेवा आणि टेबल असं लावा की वारा आधी सिस्टरकडनं येऊन मग पेशंटकडं जाईल.

पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला दार ठेवू नका, झड थेट आत येते. तरी वाड्यावरची जुनी घरं बघा, त्या बाजूला वळचण किती खाली आणलेली असते ते मोजून घ्या आणि आर्किटेक्टला द्या. रॅम्पला उतार १ ला १२ लागतो, म्हणजे जोतं ६० सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब. प्लॅन करतानाच ही लांबी धरा, नाहीतर शेवटी घसरगुंडी बांधली जाते. फरशी खरबरीत घ्या, गुळगुळीत टाइल्सवर ओल्या पायानं म्हातारी माणसं पडतात.

जांभा वापरायचा की आरसीसी?

चिरा, म्हणजे जांभ्याचा तासलेला दगड, जवळ मिळत असेल तर भिंतीला जांभा, आणि त्याला आरसीसीचे पट्टे. जांभा खाणीतनं काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर टणक होतो, त्यामुळं ताजा चिरा लगेच भिंतीत घालू नये. तो पाणीही शोषतो, म्हणून जोतं काळ्या दगडाचं, त्यावर ओल अडवणारा थर, आणि बाहेरनं चिऱ्यांमधल्या फटी नीट भरलेल्या. छज्जा मोठा असेल तर भिंत टिकते, नसेल तर कुठलाही रंग दोन पावसाळ्यांत बुरशीनं काळा पडतो.

पट्टे कशाला? कोयनेचा १९६७ चा भूकंप विसरू नका, आणि वारणा धरणाच्या परिसरात आजही धक्के बसत असतात. जोत्याला, लिंटलला आणि छताखाली असे तीन सलग पट्टे आणि कोपऱ्यात उभ्या सळ्या एवढ्यानं दगडी इमारत बरंच सोसते. स्ट्रक्चरल इंजिनियरची सही असलेलं ड्रॉइंग पाहिजेच, गवंड्याच्या अंदाजावर नको.

छत पत्र्याचं, कौलाचं की स्लॅबचं?

यावर आमच्यातच एकमत नाही, तरी सांगतो. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, कोल्हापूर शहराच्या कितीतरी पट. सपाट स्लॅब तिथं गळणारच, प्रश्न फक्त कधी याचा आहे. मंगलोरी कौलं छान, थंड, आवाज नाही, पण वानरं कौलं फोडतात आणि पावसाच्या तोंडावर ती शाकारायला माणूस मिळत नाही. पत्रा टिकतो, पण पत्र्यावर जुलैचा पाऊस वाजायला लागला की सिस्टरला स्टेथोस्कोपमधनं काही ऐकू येत नाही, पोटातल्या बाळाचे ठोके तर विसराच. माझं मत: उतरता पत्रा, त्याखाली जाड इन्सुलेशन आणि सीलिंग, निदान तपासणीच्या खोलीवर तरी. पत्र्याचे हूक वाऱ्याच्या बाजूला दाट मारा. आणि वीज पडण्याचा बंदोबस्त म्हणून लाइटनिंग अरेस्टर, अर्थिंगसकट.

एवढा पाऊस आहे तर पाण्याची काय चिंता?

मार्च ते मे विचारा. पाऊस सगळा वाहून कोकणात नाहीतर पंचगंगेत जातो आणि एप्रिलात वाड्यावरच्या बायका झऱ्यावर वाटी-वाटीनं पाणी भरतात. शंभर चौरस मीटर छतावर पाच हजार मिलिमीटर म्हणजे हिशेबानं पाच लाख लिटर, पण ते जून ते सप्टेंबर, तेव्हा पाणी नकोच असतं. खरी किंमत टाकीची आहे. केंद्राला रोज ५०० लिटर धरले तर २०,००० लिटरची टाकी ४० दिवस पुरते, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटच्या टप्प्याचा आधार होतो, पूर्ण उन्हाळ्याचा नाही. त्यामुळं टाकी अधिक झऱ्याची पाईपलाईन असं दोन्ही करा, आणि झऱ्याचं पाणी केंद्रानं ओढल्यामुळं वाड्याचं कमी होणार नाही हे आधी बसून ठरवा. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर ओलीनं निकामी होते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

शोषखड्डा केलाय पण पावसाळ्यात संडास तुंबतो. का?

कारण जुलैत जमिनीतलं पाणीच वर आलेलं असतं, शोषखड्डा शोषणार काय? सेप्टिक टँकचं पाणी उंचावरच्या गाळण-वाफ्यात, म्हणजे वाळू-खडी आणि कर्दळ लावलेल्या वाफ्यात सोडा, आणि हे सगळं झऱ्याच्या, विहिरीच्या खालच्या बाजूला, लांब.

लसी ठेवायला फ्रीज आणि सोलर लागेल ना?

उपकेंद्राला लसीचा फ्रीज सहसा लागत नाही. लसी २ ते ८ अंशात पीएचसीच्या आयएलआरमध्ये, म्हणजे लसीच्या खास फ्रीजमध्ये असतात, लसीकरणाच्या दिवशी आइसपॅकच्या व्हॅक्सिन कॅरियरमधनं वर येतात आणि उरलेल्या त्याच दिवशी खाली जातात. त्यामुळं फ्रीजपेक्षा कॅरियर घेऊन येणाऱ्या माणसाची वाट चालू राहणं जास्त गरजेचं.

सोलर मात्र घ्या, दिवे, मोबाइल, ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन सेवेवर, डॉक्टरांशी बोलायला. फक्त विक्रेता वर्षाच्या सरासरीवर हिशेब देतो तो घेऊ नका. धुक्यात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, जुलैच्या हिशेबानं पॅनल आणि निदान तीन दिवसांची बॅटरी धरा. मोबाइलला रेंज नसेल तर रेंज येणारा दगड कुठला ते सगळ्यांना माहीत असतं, केंद्राचा अँटेना तिकडं करा.

साप चावल्यावरची लस उपकेंद्रात ठेवता येईल का?

हा प्रश्न मनापासून येतो, पण उत्तर पीएचसी आणि ग्रामीण रुग्णालय असंच आहे. सर्पविषरोधक इंजेक्शनला काही जणांना जीवघेणी रिॲक्शन येते, ती सांभाळणारा डॉक्टर समोर पाहिजे. वाड्यावर करायचं ते एवढंच, माणसाला हलू द्यायचं नाही, फळी बांधायची, दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, आणि खाली फोन करून निघायचं. त्यासाठी केंद्रात चांगलं स्ट्रेचर ठेवा, डोंगरवाटेवर चार माणसांना धरता येईल असं, घोंगड्याच्या झोळीत पेशंटचं अंग दुमडतं आणि श्वास कोंडतो. १०८ गाडी कुठल्या ठिकाणापर्यंत येते ती जागा ठरवून तिथं निवारा बांधा, हे केंद्राच्या बांधकामाचाच भाग धरा.

बाळंतपणं तिथंच करायची का?

लेबर रूम बांधणं सोपं आहे, ती चालवायला प्रशिक्षित सिस्टर चोवीस तास पाहिजे, पाणी पाहिजे, आणि अडलं तर तासाभरात मोठ्या दवाखान्यात हलवायची सोय पाहिजे. तिन्ही नसेल तर करू नका. त्यापेक्षा राज्यात आदिवासी तालुक्यांत 'माहेरघर' चालतं, तारीख जवळ आली की बाईला पीएचसीशेजारी राहायला आणायचं, ती कल्पना उचला. पायथ्याच्या पीएचसीजवळ एक खोली, चूल, सोबतच्या बाईला जागा. म्हशीचं दूध काढायला घरी कोण, हा प्रश्न सुटला तरच बाई येईल, तर तो वाड्यानं आधी सोडवावा. वाड्यावर सिस्टर असेल तिथं अचानक झालेल्या बाळंतपणाचं साहित्य मात्र तयार ठेवाच.

सुया, इंजेक्शनचा कचरा मागं खड्ड्यात पुरला तर चालतो का?

सरसकट नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणं पिवळा, लाल, पांढरा, निळा असं वेगळं करून सामायिक प्रक्रिया केंद्राकडं द्यायचा, आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही. गाडी पोचतच नाही अशा दुर्गम जागीच खोल पुरायला परवानगी मिळते, ती आधी घ्यावी लागते. खड्डा साधारण दोन मीटर खोल, अर्धा भरला की चुना आणि वर माती. आता जुलैत त्या खड्ड्यात पाणी आलं तर? म्हणून व्यवहारात सोपं हेच की कचरा लसीकरणाच्या परतीच्या फेरीबरोबर पीएचसीला जावा. बेड नसलेल्या दवाखान्यालाही प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र लागतं, आणि ट्रस्टनं बेड टाकले तर नर्सिंग होम नोंदणीपण.

सिस्टर राहतच नाहीत, मग घर कशाला बांधायचं?

राहत नाहीत कारण घर राहण्यासारखं नसतं. एकटी बाई, रात्री दारात गवा, संडास बाहेर, मुलांना शाळा नाही, कोण राहील? घर केंद्राला लागून पण दार वेगळं, वाड्याच्या हाकेच्या अंतरावर, आत संडास-बाथरूम, मजबूत कडी, बाहेर दिवा. कपडे वाळायला आतली जागा द्या, चार महिने बाहेर वाळत नाहीत, आणि ही गोष्ट कुठल्याही सरकारी प्लॅनमध्ये आम्हाला सापडत नाही.

बांधकाम कधी सुरू करायचं आणि खर्च किती?

दिवाळी झाली की पाया, आणि मृग निघायच्या आत छत झालंच पाहिजे. अर्धी भिंत पावसात सोडली की पुढच्या वर्षी परत पहिल्यापासनं. खर्चाचा आकडा आम्ही देत नाही कारण तो सगळा वाहतुकीवर ठरतो. ट्रॅक्टर जातो तिथपर्यंत एक भाव, पुढं डोक्यावरनं न्यायचं तर प्रत्येक पोत्याची मजुरी वेगळी. इस्टिमेटमध्ये 'वाढीव वाहतूक' वेगळी ओळ म्हणून तांत्रिक मान्यतेच्या वेळीच दाखवा, नंतर कुणी देत नाही.

आमचा वाडा पुनर्वसनाच्या यादीत आहे असं म्हणतात. तरी बांधावं का?

यादी लेखी बघा, 'म्हणतात' वर थांबू नका. पुनर्वसनाला कित्येक वर्षं जातात आणि तेवढी वर्षं माणसं आजारी पडायची थांबत नाहीत. अशा जागी पक्कं बांधकाम टाळून बोल्टनं जोडलेला लोखंडी सांगाडा, पॅनलच्या भिंती, दगडी जोतं असं करा, म्हणजे वाडा हलला तर सांगाडा सोबत नेता येईल. वर्षभर राहणारं मनुष्यबळ अशा ठिकाणी मिळणं अवघड, त्यामुळं फिरत्या वैद्यकीय पथकाचे ठरलेले दिवस मागा आणि ती इमारत त्यांना बसायला द्या. जमिनीचे नियम वर फॉरेस्टच्या प्रश्नात दिलेत, तात्पुरती इमारत असली तरी तेच लागतात.